काळी की हिरवी?

आमच्या घरात एक भांडण माझ्या जन्माच्या आधीपासून चालू आहे आणि ते आजोबांच्या सायकलच्या रंगावरून आहे. आत्या म्हणते सायकल हिरवी होती, गर्द हिरवी, बाटलीसारखी. बाबा म्हणतात काळी होती, कुळकुळीत. दोघंही शपथेवर सांगतात आणि दोघांनाही दुसऱ्याची कीव येते. आत्या १९५२ची, बाबा १९६४चे, मध्ये बारा वर्षं. गणपतीत सगळे जमले की कोणीतरी मुद्दाम काडी टाकतं आणि मग आरतीला उशीर होतो. मध्ये एकदा बाबांचे डोळे तपासून घ्या अशी सूचना आली होती, पण बाबा रेल्वेच्या परळ वर्कशॉपातून रिटायर झालेत, भरतीच्या मेडिकलला ठिपक्यांच्या चित्रांतले आकडे त्यांनी धडाधड वाचून दाखवले होते आणि हे ते अजून सांगतात.

आता कोणी म्हणेल, सायकल भंगारात गेली असेल म्हणून वाद. तसं नाहीये. सायकल आहे, आमच्या लालबागच्या चाळीच्या जिन्यात, पहिल्या वळणावर, भिंतीतल्या खुंटीला साखळीने बांधलेली, येता-जाता सगळ्यांचे खांदे घासतात तिला. फक्त ती कुठल्याच रंगाची नाहीये. तिच्यावर जे काही बसलंय त्याला तेलकट काळसर तपकिरी म्हणता येईल, नखाने खरवडलं तर नखात मेणासारखं येतं, आणि लहानपणी आम्हाला ताकीदच होती की शाळेचा युनिफॉर्म घालून त्या बाजूने उतरायचं नाही.

आजोबा मिलमध्ये स्पिनिंग खात्यात फिटर. त्यांनी ही सायकल खात्यातल्या पारशी स्पिनिंग मास्तरांकडून सेकंडहँड घेतली, १९५८ साली, कितीला घेतली यावरही वाद आहे पण तो परत कधीतरी. इंग्लंडची रॅले. पुढच्या नळीवरच्या पितळी बिल्ल्यावर बगळ्याचं डोकं आणि खाली नॉटिंगहॅम, इंग्लंड. हे सांगायचं कारण म्हणजे रॅले म्हटलं की आपल्याकडे बऱ्याच जणांना सेन-रॅले आठवते, ती आसनसोलला बनायची, ती वेगळी. मागच्या चाकाच्या हबवर स्टर्मी-आर्चर लिहिलेलं, तीन गिअरवालं, आणि त्या हबची एक छान सोय आहे, ती कंपनी हबवर बनवल्याचं वर्ष आणि महिना ठोकून ठेवायची. आमच्यावर ५३ आणि ८ आहे. म्हणजे १९५३चा ऑगस्ट. हब नंतर बदललेलं नसेल तर सायकल आत्यापेक्षा एकाच वर्षाने लहान.

मागच्या वर्षी चाळीच्या रिडेव्हलपमेंटची मीटिंग झाली (ही कितवी ते मी मोजणं सोडलंय) आणि यावेळी खरंच काहीतरी होणार असं सगळ्यांना वाटायला लागलं, तेव्हा मी ठरवलं की सायकल उतरवायची आणि रिस्टोअर करायची. मला यातलं थोडंफार येतं. गेल्या सात-आठ वर्षांत मी चार सायकली केल्यात, दोन मित्रांच्या, दोन चोर बाजारातून आणलेल्या, शनिवार-रविवारचा उद्योग. बेअरिंग, कोन, स्पोक याचं मला काही वाटत नाही, ते जमतं किंवा जमत नाही, मध्ये काही नसतं. रंगाचं मात्र तसं नाहीये. रंग जवळजवळ जमतो, आणि ते जवळजवळ आयुष्यभर बघत बसायला लागतं.

पहिला घाव आत्यानेच घातला. मी सायकल गॅलरीत आणून वर्तमानपत्रं अंथरून, कानात घालायच्या कापसाच्या काड्या, लिक्विड पॅराफिन, रॉकेल, असा सगळा सरंजाम मांडत होते, तेवढ्यात आत्याने पदराचं टोक जिभेवर ओलं केलं आणि दांडीवर एका जागी घासायला सुरुवात केली, आपल्या तोंडावरचं पिठलं पुसावं तशी. मी ओरडले. पण खरं सांगायचं तर म्युझियममध्ये जुनी पेंटिंग साफ करणारे लोकही कापसाला थुंकी लावून हेच करतात, थुंकीतल्या एन्झाइममुळे मळ सुटतो. दोन मिनिटांत आठ आण्याएवढा गोल उघडा पडला. हिरवा. आत्या काही बोलली नाही, फक्त बाबांना हाक मारली. बाबांनी चष्मा लावला, बघितलं, आणि म्हणाले, "हा नंतर कोणीतरी मारलाय."

झालं. म्हणजे आता मूळ रंग कुठला हे नुसतं दिसून भागणार नव्हतं, सिद्ध करायला लागणार होतं.

मूळ रंग सायकलवर कुठे लपतो ते एकदा कळलं की मजा येते. जिथे ऊन पोचत नाही आणि हात पोचत नाही तिथे. सीटच्या क्लॅम्पखाली, पंप अडकवायच्या खुंट्यांच्या बुडाशी, ब्रेकच्या क्लिपांखाली, पेडलच्या आसाच्या डब्याच्या पोटाखाली, चेनकव्हरच्या आतल्या बाजूला, डायनॅमोच्या ब्रॅकेटखाली, आणि सगळ्यात पवित्र जागा म्हणजे बिल्ल्याच्या मागे, कारण तो कारखान्यात लागल्यावर सहसा परत कधी निघत नाही. दुसरी पद्धत म्हणजे घासून बघणं, बाराशे, पंधराशे, दोन हजार नंबरचा पॉलिश पेपर ओला करून एका जागी गोल गोल फिरवत राहायचं, की झाडाच्या खोडासारखी वलयं दिसायला लागतात, वरचा रंग बाहेर, त्याच्या आत त्याच्या खालचा, मध्ये प्रायमर, आणि अगदी मध्ये लोखंड. पेपर ओलाच पाहिजे, हे मी कळवळून सांगते, कारण जुन्या रंगांत शिसं असतं आणि कोरडं घासलं की त्याची धूळ होते. आपल्याकडे घरगुती रंगातलं शिसं ९० पीपीएमच्या खाली आणायचा नियम २०१६ साली निघाला आणि २०१७च्या नोव्हेंबरपासून लागू झाला, त्याच्या आधीच्या डब्यांबद्दल न बोललेलंच बरं, १९५३च्या रंगाबद्दल तर नकोच.

चेनकव्हरच्या एका कोपऱ्यावर मी वलय काढलं. मळ, मग पिवळट वार्निश, मग हिरवा, मग प्रायमर, मग लोखंड. काळा कुठेच नाही. मग बिल्ला काढला, रात्री अकरा वाजता, सगळे झोपल्यावर, कारण मला प्रेक्षक नको होते. पुढच्या नळीवर दर दसऱ्याला लावलेल्या हळदीकुंकवाचे थर, त्याखाली बिल्ल्याच्या कडा चिकटलेल्या. तो हलला तेव्हा मागे बिल्ल्याच्याच आकाराचा एक तुकडा दिसला, इतका ताजा हिरवा की मला उगाचच कोणाच्या तरी खासगी गोष्टीत डोकावल्यासारखं झालं. त्याच्यावर सत्तर वर्षांत ऊन पडलेलं नव्हतं.

बाबांना सकाळी दाखवला. ते म्हणाले, "बिल्ल्यामागे हिरवा असेल, सायकल काळी होती."

मळ नक्की कसला हेही मला याच काळात कळलं. आजोबा मिलमधून स्पिंडल ऑइल आणायचे, चात्यांना घालतात ते पातळ तेल, आणि दर रविवारी त्याचं बोळं सायकलभर फिरवायचे, गंज धरू नये म्हणून. त्या तेलावर कापसाची पिंज बसायची, वर गिरणीच्या धुराड्यांची काजळी, आणि पुढच्या रविवारी परत तेल. अशी वर्षानुवर्षं. मग १८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, आजोबांची सायकल जिन्यातल्या खुंटीला लागली ती कायमची, आणि त्या थराचं हळूहळू डांबर झालं. रिस्टोअर करणारा कोणीही हा थर बघून कपाळाला हात लावेल. पण त्याच्याखाली हिरवा रंग जवळजवळ सगळा शाबूत होता. आजोबांनी सायकल चकचकीत ठेवायच्या नादात तिला नकळत लोणच्यासारखी मुरवून ठेवली होती.

जवळजवळ सगळा, पूर्ण नाही. खालच्या तिरक्या नळीवर पाऊण फुटाचा पट्टा गंजून गेला होता, पुढच्या फोर्कवर दोन ठिकाणी टवके होते, आणि मागचं मडगार्ड मूळचं नव्हतंच. ते कधीतरी बदललेलं, देशी, काळं, टोकाला तो पांढरा पट्टा आणि लाल काच. हे मडगार्ड बघून बाबांच्या चेहऱ्यावर जो आनंद आला तो मी विसरणार नाही.

काळ्याबद्दल इथे जरा बोलायलाच पाहिजे, कारण लोकांना वाटतं काळा म्हणजे सोपा, आणला डबा, मारला. आपल्या आजोबांच्या पिढीच्या बहुतेक सायकली काळ्या. आपल्या वरळीतच हिंद सायकलचा कारखाना होता, तो १९८०च्या कायद्याने सेन-रॅलेसोबतच सरकारकडे गेला, आज तिथे सायकल बनत नाही पण हिंद सायकल रोड हे नाव राहिलंय आणि तिथून जाणाऱ्या किती जणांना त्या नावाचा अर्थ लागत असेल देव जाणे. तर त्या जमान्याचा भट्टीत भाजलेला काळा एनॅमल आणि आजचा स्प्रेच्या डब्यातला काळा शेजारी ठेवून बघा. जुना काळा उन्हात धरला की किंचित तपकिरीकडे झुकतो, त्याला खोली असते, आजचा निळसर थंड वाटतो आणि वरवर चकाकतो. आणि पावडर कोटिंग केलेला काळा तर फ्रेमला रेनकोट घातल्यासारखा दिसतो, जाड, नळ्यांच्या जोडांवरची नाजूक कोरीव कड बुजवून टाकणारा. माझी पहिली सायकल मी पावडर कोटिंगला दिली होती. तिच्याबद्दल मी बोलत नाही.

तर मला हिरवा पाहिजे होता. मी आधी सगळ्यात सोपा मार्ग धरला, भिंतीच्या रंगांच्या एका दुकानात ते रंग ओळखणारं मशीन असतं तिथे चेनकव्हर घेऊन गेले. त्या मशीनला सपाट जागा लागते, नाण्याएवढी तरी, नळीच्या गोलाईवर धरलं की बाजूने उजेड शिरतो आणि ते वाट्टेल ते सांगतं. चेनकव्हरवर सपाट जागा होती. मशीनने एक शेड काढली, कुठल्यातरी जंगलाचं नाव असलेली, आणि मुलगा म्हणाला हाच. छापील कार्ड शेजारी ठेवलं तर खरंच हाच वाटला. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली. बाहेर येऊन फुटपाथवर उन्हात बघितलं तर एक हिरवा आणि एक मोरपिशी.

हे असं का होतं ते कळायला मला बरंच वाचायला लागलं, थोडक्यात सांगते. गर्द हिरवा त्या काळात बहुतेक वेळा दोन रंगद्रव्यं मिसळून करत, प्रशियन ब्ल्यू आणि क्रोम यलो, ब्रन्सविक ग्रीन नावाच्या छटा त्यातल्याच. क्रोम यलो म्हणजे शिशाचंच संयुग, आता घरगुती रंगांत चालत नाही. आजच्या हिरव्या-निळ्यांत असतात थॅलो जातीचे रंग, त्यातला निळा १९३५ला बाजारात आला, हिरवा त्याच्या मागून, फार जोरदार, स्वच्छ. आता दोन वेगवेगळ्या सामानांतून बनलेले हिरवे एका उजेडात डोळ्याला अगदी सारखे दिसू शकतात आणि उजेड बदलला की वेगळे, कारण डोळा फक्त एकूण बेरीज बघतो, आत काय काय आहे ते नाही. याला मेटामेरिझम म्हणतात. साडीच्या दुकानात मॅचिंग ब्लाउजपीस घेताना प्रत्येक बाई कापड हातात घेऊन दाराशी उजेडात का जाते, तर यासाठीच. आईला हा शब्द सांगितला तर ती म्हणाली नाव काहीही असू दे, दादरला मी चाळीस वर्षं हेच करतेय.

मग मी पेंटरकाकांकडे गेले. हे आमच्याच भागातले, आधी नंबरप्लेटी आणि दुकानांचे बोर्ड रंगवायचे, आता सीझनला गणपतीच्या कारखान्यात बसतात आणि बाकी वर्ष जे येईल ते. मी जुलैमध्ये गेले हीच चूक. एक तर लालबाग-परळमध्ये जुलैत रंगाच्या माणसाला दुसरं काही विचारणं हा गुन्हा आहे, आणि दुसरं त्यांनीच सांगितलं, "पावसात ड्यूको मारला की पांढरा पडतो आणि एनॅमल मारला की सुकत नाही. विसर्जन झालं की ये." ड्यूको म्हणजे गाड्यांना मारतात तो झटपट सुकणारा रंग, तो पांढरा पडतो कारण थिनर भराभर उडताना पृष्ठभाग गार होतो आणि मुंबईच्या हवेतलं पाणी त्याच्यावर जमतं. ते थांबवायचं थिनर मिळतं, पण त्यांनी नाही म्हटलं म्हणजे नाही.

तेवढ्यात त्यांनी सायकल मात्र बघून घेतली. माझा प्लॅन असा होता की सगळी फ्रेम खरवडून, भट्टीवाल्याकडून नवीन करून घ्यायची, बिल्ल्यामागच्या हिरव्यात. त्यांनी फ्रेमवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "एवढा रंग जिवंत आहे आणि तू सोलणार?" मी म्हटलं, एकसारखी दिसेल ना. ते म्हणाले, "तुझी आत्या पण एकसारखी दिसत नाही." झालं, प्लॅन बदलला. फ्रेम साफ करायची, राहिलेला रंग राहू द्यायचा, फक्त गंजलेला पट्टा, टवके आणि मडगार्ड.

मी तरी वाट बघितली नाही. अनंत चतुर्दशीपर्यंत धीर धरवेना म्हणून घरीच सिंथेटिक एनॅमलचे छोटे डबे आणून मिसळायला लागले, हिरवा, काळा, पिवळा, निळा. नमुना कशावर काढायचा? सपाट पत्र्यावरचा रंग आणि नळीवरचा रंग वेगळा दिसतो, नळीवर एक बाजू उजेडात आणि एक सावलीत असते, म्हणून मी जवळपास त्याच जाडीचा लोखंडी पाइप कापून आणला, आणि स्टीलचे चमचे, बाजारातून डझनभर स्वस्तातले. तेरावा चमचा आईचा होता हे नंतर कळलं. गॅलरीत तारेवर हिरवे चमचे वाळत घातलेले बघून शेजारच्या काकूंनी विचारलं, कसलं व्रत आहे?

आणि मला जमला. सतराव्या नमुन्याला बिल्ल्यामागच्या हिरव्याशी हुबेहूब जमला, सकाळी, दुपारी, ट्यूबखाली, सगळीकडे. रायटिंग पॅडमागच्या करड्या पुठ्ठ्याला दोन भोकं पाडून त्यातून दोन्ही रंग बघायचे, म्हणजे आजूबाजूचं काही डोळ्याला फसवत नाही, तसंही बघितलं. मग मी पावसाच्या उघडिपीत मडगार्ड रंगवलं, चार दिवस चिकट राहिलं, पाचव्या दिवशी सुकलं, सायकलला लावलं आणि दोन पावलं मागे झाले.

दोन सायकली दिसत होत्या. एक सत्तर वर्षांची आणि तिच्या पाठीला चिकटलेली एक कालची. रंग अगदी बरोबर होता, १९५३च्या ऑगस्टमधला. पण बाकी सायकल त्या ऑगस्टमध्ये थांबली नव्हती. क्रोम यलो काळानुसार काळवंडतं, वरचं वार्निश पिवळं होतं, तेल आत मुरतं, आणि जिकडे ऊन लागलं तिकडे थोडा फिकाही होतो, म्हणजे एकाच फ्रेमवर तीन-चार हिरवे असतात. मी बिल्ल्यामागचा रंग खरा आणि बाहेरचा बिघडलेला असं धरून चालले होते, तीन शनिवार-रविवार आणि एक चमचा त्यात गेला.

ऑक्टोबरच्या उकाड्यात पेंटरकाका मोकळे झाले. त्यांच्याकडे जुनी शेडकार्डं आहेत, सरकारी मानकाचं आयएस ५ पण, ज्यात ५३८ म्हणजे पोस्टाच्या पेटीचा लाल, ते त्यांना पाठ आहे, पण माझ्या कामाला त्यांनी एकही कार्ड उघडलं नाही. सकाळी दहाच्या सुमाराला दाराच्या सावलीत स्टूल टाकायचं, ऊन थेट नको. माझाच सतरावा नमुना घेतला. मला वाटलं आता काळा घालणार. त्यांनी लाल घेतला, काडीच्या टोकावर, आणि हिरव्यात सोडला. "काळ्याने मरतो. लालने वय वाढतं." हिरव्याच्या समोरचा रंग लाल, तो त्याचा तोरा उतरवतो पण त्याला राखाडी मढं करत नाही. मग पिवळी माती, अगदी जराशी. मग परत लाल. प्रत्येक वेळी पाइपवर एक पट्टा, आणि तो सुकेपर्यंत काही बोलायचं नाही, कारण एनॅमल सुकताना गडद होत जातो आणि ओल्या रंगाला बघून घाई केली की पुढे नक्की रडायला लागतं. मधेच ते मान वळवून समोरच्या पांढऱ्या भिंतीकडे बघत बसायचे. मला वाटलं कंटाळले. तर सारखं हिरव्याकडे बघितलं की डोळा थकतो आणि पुढे बघू त्यात लालसर झाक दिसायला लागते, ती झाक जाईपर्यंत भिंत. मशीनवाले दोन रंगांतला फरक डेल्टा ई नावाच्या आकड्यात मोजतात, एकच्या आसपास आला की चांगल्या डोळ्यालाही जेमतेम कळतो. काकांनी काय आकडा गाठला माहीत नाही. पाइपवरचा शेवटचा पट्टा त्यांनी चेनकव्हरला टेकवला आणि मला तो शोधायला लागला.

मडगार्ड परत रंगवलं, पट्टा भरला, टवके बारीक ब्रशने. गंजलेल्या पट्ट्याच्या दोन्ही टोकांना त्यांनी थोडा वेगळा हिरवा लावला, वरच्या टोकाला फिका, खालच्या टोकाला तेलकट गडद, कारण शेजार बदलतो ना, म्हणाले. वरून वार्निशमध्ये थेंबभर पिवळा. सोनेरी रेघा मडगार्डवर हाताने ओढल्या, लांब केसांचा ब्रश, करंगळी कडेवर टेकवलेली, श्वास धरून, एका दमात. ते मी व्हिडिओ करायला गेले तर म्हणाले मोबाइल खाली ठेव, हात हलतो. कोणाचा ते सांगितलं नाही.

मधल्या काळात मी भांडणाचाही विचार करत होते. आत्याला विचारलं, तू नक्की कधी बघायचीस सायकल? तर म्हणाली, बघायची काय, बसायचे. आजोबा पहिली पाळी नसली की तिला सकाळी शाळेत सोडायचे, पुढे दांडीवर बसवून. म्हणजे तिचं नाक रंगापासून वीतभर, भर सकाळच्या उन्हात, रोज अर्धा मैल. तिला ती दांडी अजून तिच्या हाताखाली दिसते. आणि बाबा? बाबा जन्मले तोपर्यंत आजोबांच्या पाळ्या बदललेल्या, सायकल दिवसा कोणी काढायची नाही, हात लावला तर फटके. बाबांना सायकल दिसायची ती रातपाळीला आजोबा निघताना किंवा एरवी जिन्याच्या वळणावर, जिथे तेव्हा पंचवीसचा पिवळा बल्ब असायचा आणि तोही माशांनी भरलेला. वर आजोबांचं स्पिंडल ऑइल. एवढ्या अंधुक उजेडात डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशी जवळजवळ हात वर करतात, आणि गर्द हिरवा काळ्यातच बुडतो. त्या वळणावर ती काळीच होती. माझ्या सतराव्या नमुन्याइतकंच ते खरं होतं.

मी हे बाबांना नीट समजावून सांगितलं, शंकू आणि दंड पेशी वगैरे, चित्र काढून. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे काळी दिसायची."

"दिसायची, बाबा."

"मग तेच तर म्हणतोय."

भाऊबीजेला आत्या आली. सायकल तोवर जोडून परत जिन्यातच ठेवलेली, घरात जागा कुठे आहे. नवीन टायर, हबमध्ये तेल, गिअरची तार नवी. जिन्यात असोसिएशनने लावलेली एलईडी ट्यूब पावसात गेली होती आणि तिसऱ्या मजल्यावरच्या कोणीतरी तात्पुरता झिरोचा बल्ब लावला होता, तो तात्पुरता अजून आहे. बाबा आत्याची पिशवी घ्यायला खाली उतरले, मी मागे. वळणावर तिघंही थांबलो. पितळी बगळा चमकत होता, रेघा चमकत होत्या, आणि त्यांच्यामध्ये फ्रेम होती, कुळकुळीत.

बाबा काही म्हणाले नाहीत. नुसता हात केला सायकलकडे, वकील पुरावा दाखवतो तसा.

आत्याने पर्समधून मोबाइल काढला, दोनदा चुकीचं बटण दाबलं, मग टॉर्च लागला आणि तिने तो दांडीवर धरला, जिथे ती बसायची बरोबर तिथे. हिरवं पाणी हलल्यासारखं झालं.

"टॉर्च मारल्यावर काहीही हिरवं दिसतं, ताई," बाबा म्हणाले आणि पिशवी घेऊन वर गेले.